तीस फूट मोकळी जागा

आमच्या घराला आता आग लागू शकत नाही. वणवा येवो, शेजारी कोणी बांध पेटवो, दिवाळीचं रॉकेट छपरावर पडो, घर जसंच्या तसं राहणार. मालेगावपासून वाशीमपर्यंत असं दुसरं घर नसेल, असं मी मध्यंतरी लोकांना रस्त्यात थांबवून सांगत असे. आता कोणी विचारलं तर मी विषय बदलतो.

आमचं ले-आउट वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बाहेर, वाशीम रोड सोडून जरा आत, तांड्याच्या वाटेवर आहे. ज्याने ते पाडलं त्याने 'हरितवन' असं नाव दिलं, आणि झाडं तेवढी लावायची राहून गेली. हिरवं म्हणाल तर आमच्या अंगणातला एक निंब. मागच्या बाजूला ई-क्लासची सरकारी पडीक जमीन. पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत होतं, आणि उन्हाळ्यात ते पापडासारखं वाळतं. त्यातच पेरणीच्या आधी शेतकरी धुरे साफ करतात, म्हणजे बांधावरचं गवत काडी लावून जाळतात. आमच्याकडची ही फार जुनी पद्धत. काडी लावणारा घरी जेवायला जातो आणि आग आपल्या मर्जीने फिरायला निघते.

मागच्या उन्हाळ्यात ती फिरत फिरत आमच्या कंपाउंडपर्यंत आली होती. शेजारचा दौलतसिंग, त्याची बायको धनीबाई आणि तांड्यावरची झाडून सगळी माणसं धावत आली. हिरव्या डांगा, म्हणजे पाल्यासकट फांद्या, हातात घेऊन त्यांनी आग झोडपून काढली. मी त्या वेळी छपरावर उभा राहून फोनवरून अग्निशमनाची गाडी मागवत होतो. पलीकडचा माणूस गट नंबर विचारत होता. तो मला आठवेपर्यंत आग विझली होती. नुकसान म्हणाल तर न्हाणीघराचा प्लास्टिकचा पाइप तेवढा वाकडा झाला. बाकीच्यांनी ती गोष्ट तिथेच सोडून दिली. मी मात्र रोज सकाळी त्या पाइपाकडे बघून अस्वस्थ व्हायचो.

अशा मनःस्थितीत मला मोबाइलवर तो व्हिडिओ सापडला. परदेशातला कोणी अग्निशमन अधिकारी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, जंगलाकाठच्या घराभोवती फिरत समजावून सांगत होता आणि खाली हिंदीत अक्षरं येत होती. भिंतीपासून पाच फुटांत जळणारं काही ठेवू नये. तीस फुटांपर्यंत वाळलेलं गवत नको, लाकूडफाटा नको, कुटार नको. छपरावर फांदी येता कामा नये. झरोक्यांना बारीक जाळी हवी. छप्पर कौलाचं किंवा पत्र्याचं असावं. मी वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालेला माणूस. नियम सापडला की मला बरं वाटतं. तो व्हिडिओ मी इतक्या वेळा पाहिला की माझी बायको ललिता त्या अधिकाऱ्याला 'तुमचे साहेब' म्हणू लागली.

पहिलं काम मोजणीचं. टेपचं एक टोक ललिताच्या हातात देऊन मी पूर्वेकडे निघालो. आमचा प्लॉटच मुळी तीस फूट रुंद, त्यामुळे भिंतीपासून तीस फूट मोजत मी कंपाउंड ओलांडलं, दौलतसिंगाचा गोठा ओलांडला आणि थेट त्याच्या चुलीपाशी पोचलो. तो जेवायला बसला होता.

"बाबूजी, आमच्या सैपाकघरात टेप घेऊन काय करून राह्यले?"

"दौलतसिंग, नियमानं पाह्यलं तं तुमचं हे सैपाकघर माह्या सुरक्षित पट्ट्यात येते."

"मंग?"

"मंग ते इथं असाले नाई पाह्यजे."

धनीबाई तव्यावरची भाकर उलटवत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "एवढ्या भाकरी होऊ द्या, मंग हटवून घेऊ. तवर तुमी टेकून घ्या बाबूजी. ठेचा हाय."

मी दोन भाकरी खाल्ल्या. ज्याच्या घरचा ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलं, त्याला पुन्हा नियम सांगणं जड जातं. स्वयंपाकघराला मी विशेष बाब म्हणून सूट दिली. त्याच्या कुटाराच्या गंजीलाही सूट द्यावी लागली. गुरांची वर्षभराची वैरण ती, गोठ्याजवळच असणार. दौलतसिंगाने माझ्या शब्दाखातर तुराट्यांचा ढीग मात्र हलवायचं कबूल केलं. तेवढा तो माझा मान राखतो.

दुसरं काम जाळीचं. त्यासाठी मी बाजारात हबीबभाईंच्या दुकानात गेलो. हबीबभाई गेली कित्येक वर्षं मला खिळे विकत आले आहेत, त्यामुळे माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. सगळ्यात बारीक जाळी दाखवा म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाबू, जाली तो ले जाओ. मगर हवा किधर से आयेगी?" मी त्यांना समजावलं की वणव्यात ठिणग्या उडतात, त्या झरोक्यातून आत शिरतात आणि घर आतून पेटतं. ते म्हणाले, "ठिणगी तो साल में एकाध बार आयेगी. आदमी को तो रोज साँस लेनी पडती."

जाळी बसली त्याच दिवशी ललिताने वरणाला मिरचीची फोडणी दिली. धुराला जायला वाट राहिली नाही. आम्ही दोघं अंगणात उभे राहून खोकत होतो आणि कंपाउंडपलीकडून दौलतसिंग विचारत होता, "आग लागली काय बाबूजी?"

ओसरीवरचं तुराट्यांचं छप्पर काढून मी पत्रा टाकला. पत्र्याखाली दुपारी बसून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. तरी ललिताची हरकत नव्हती, कारण ती मुळात ओसरीवर बसतच नसे. ती आणि धनीबाई निंबाखाली बसायच्या. जेवणं आटोपली की धनीबाई कंपाउंडच्या पडलेल्या भागातून सुपासकट यायची. मग दोघी तूर निवडायच्या, कुरडया घालायच्या, सुनांबद्दल बोलायच्या. आम्हाला सून नाही, पण ललिता धनीबाईच्या सुनेबद्दल आपलीच असल्यासारखं बोलायची.

आता निंबाकडे येतो. खरं तर याच ठिकाणी मी टेप गुंडाळून ठेवायला हवा होता.

तो निंब ललिताने लावलेला. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा इथे एक वीटसुद्धा नव्हती. उन्हाळ्यात ती पाण्याची कॅन घेऊन एसटीने यायची, फाट्यावर उतरून चालत जायची, रोपट्याला पाणी घालायची आणि परतीच्या एसटीने घरी यायची. कंडक्टरला वाटे, बाईचा इकडे कुठेतरी देव असावा. घर झालं तोवर झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं. आता त्याची एक मोठी डांग छपरावर आली होती. छपरावर आलेली फांदी म्हणजे आगीची शिडी, असं साहेबांनी, म्हणजे त्या अधिकाऱ्याने, बोट दाखवून सांगितलं होतं. डांग तोडून भागलं असतं, हे मला आज कळतं. पण झाड भिंतीपासून सहा फुटांवर, म्हणजे तीस फुटांच्या आत, आणि नियम अर्धा पाळायचा तर पाळायचाच कशाला, असा माझा स्वभाव.

परवानगीसाठी मी हिंडलो. एका कार्यालयाने सांगितलं, झाड ले-आउटमध्ये येतं, दुसरीकडे जा. दुसऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, "झाड धोकादायक आहे का?"

मी म्हणालो, "आज नाही. आग लागली तर होईल."

"आग कधी लागणार आहे?"

"ते सांगता येत नाही."

"मग लागल्यावर अर्ज करा."

मी उभा जन्म सरकारी नोकरीत घालवला, पण टेबलाच्या या बाजूने मला कधी इतकं अपमानित वाटलं नव्हतं. तिथेच मी हट्टाला पेटलो. त्यानंतर अर्जदार आणि झाड असा एकत्र फोटो मागितला गेला, त्यात अर्जदाराचा चेहरा सावलीत आला म्हणून तो परत आला, दुसऱ्यात झाडाचा शेंडा कापला गेला म्हणून तोही परत आला. शेवटी परवानगी मिळाली तेव्हा मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. पास झालेला माणूस प्रमाणपत्र वापरतोच.

धनीबाई कंपाउंडपाशी येऊन म्हणाली, "उभं झाड काहून तोडता बाबूजी? त्यानं काय केलं तुमचं?" मी तिला शिडीचं समजावलं. तिला ते समजलं नाही, आणि मी ते तिच्या अशिक्षितपणावर ढकललं.

दोन दिवसांनी ललिता म्हणाली, "तोडा. तुमी आयकनार नाई हे मले मालूम हाय. पन त्याच्या बुंध्याचा मले झोपाळा करून द्या. वसरीत टांगा. सावली नाई तं नाई, बसाले तं होईन." मी लगेच हो म्हणालो. इतक्या स्वस्तात सुटल्याचा आनंदच झाला मला.

झाड पडलं. बुडखाही मी जेसीबी लावून काढला. सुतार म्हणाला, लाकूड ओलं आहे, होळी होऊ द्या, तोवर वाळेल, मग झोपाळ्याचं बघू. ललिता म्हणाली, बुंधा भिंतीला टेकवून ठेवा. मी म्हणालो, ललिता, भिंतीजवळ लाकूड ठेवायचं असतं तर मी हे सगळं केलं कशाला. मग चार माणसं लावून मी तो बुंधा तीस फुटांच्या बाहेर, तांड्याच्या वाटेकडेला मोकळ्या मैदानात नेऊन ठेवला. शेजारी दौलतसिंगाच्या तुराट्या येऊन पडल्या. आता इतरांनीही हा आदर्श घ्यावा म्हणून मी तिथे एक पाटी रंगवून रोवली: 'ज्वलनशील वस्तू घराजवळ न ठेवता येथे आणून टाकाव्यात.'

आणि काय सांगू, लोक ऐकू लागले. रोज सकाळी ढीग वाढलेला दिसे. कोणी गोवऱ्या आणून टाकल्या, कोणी मोडकी बाज, कोणी कपाशीच्या पऱ्हाट्या. ऊसतोडीला गेलेली माणसं गाड्यांमधून तांड्यावर परतली आणि ढीग दुप्पट झाला. लहान पोरं संध्याकाळी काट्याकुट्या ओढत आणत, मला पाहून हसत, मी त्यांना शाबासकी देई. माझ्या उभ्या नोकरीत कुठल्या परिपत्रकाची अशी अंमलबजावणी झाली नव्हती. ललिताला मी म्हणालो, बघ, जनजागृती याला म्हणतात. ती म्हणाली, "लोकं एवढी शहानी कधीपासून झाली?" तिच्या बोलण्यातला कडवटपणा निंबाचा आहे असं समजून मी तिकडे दुर्लक्ष केलं.

पुनवेच्या संध्याकाळी तांड्याचे नाईक सेवादास स्वतः आमच्याकडे आले. पटका बांधलेला म्हातारा, फार कमी बोलणारा. ओसरीच्या पत्र्याखाली उभे राहून म्हणाले, "बाबूजी, पहाटे होळीवर या. यंदाचं नारळ तुमच्या हातचं पाह्यजे. तुमी लय केलं आमच्यासाठी." तांड्याची होळी पहाटे पेटते, हे मला माहीत होतं. ती तांड्यामागे पेटते, हेही माहीत होतं. माझ्या जागृतीच्या कामाची दखल घेतली गेली, एवढंच मी त्यातून घेतलं. मी भाषणाची दोन-चार वाक्यं पाठ केली.

पहाटे इस्त्रीचा सदरा घालत होतो, तर डफाचा आवाज अगदी खिडकीशी ऐकू आला. बायका लेंगी, म्हणजे तांड्यावरची होळीची गाणी, म्हणत होत्या. दरवर्षी हा आवाज लांबून येतो. मला वाटलं, मला न्यायला मिरवणूक आली आहे. "केवढा मान देऊन राह्यले पाह्य," असं ललिताला म्हणत मी नारळ घेऊन दार उघडलं.

समोरचं मैदान उजळून गेलं होतं. माझा ढीग पेटला होता. रातोरात पोरांनी तो नीट रचून घेतला होता आणि मधोमध, सगळ्यात उंच, आमच्या निंबाचा बुंधा उभा केला होता. पाटीवरची अक्षरं लांबून स्वच्छ वाचता येत होती.

फाल्गुनात मोकळ्या मैदानात लाकडं रचून वर तशी पाटी लावली, तर माणसं दुसरं काय समजणार? मी वऱ्हाडात जन्मलो, लहानपणी मीही लोकांच्या अंगणातल्या फळ्या पळवल्या आहेत. पण व्हिडिओतल्या साहेबांच्या देशात होळी नसते, आणि त्या दिवसांत मी त्यांच्याच देशात राहत होतो.

होळीत गेलेलं लाकूड आमच्याकडे कोणी परत मागत नाही. त्यावरून कोणी भांडतही नाही. शिवाय सेवादास नाईक माझा हात धरून मला पुढे नेत होते आणि म्हणत होते, "यंदा पोरांले लाकडं चोरा लागली नाई. तुमी सोय केली." सगळा तांडा माझ्याकडे कौतुकाने बघत होता. पाठ केलेलं भाषण विसरून मी नारळ आगीत टाकला.

मागे ललिता उभी होती. तिने विचारलं, "मधातला बुंधा आपला होय न?"

मी म्हणालो, "होय."

धनीबाई तिच्याजवळ आली. "मले वाटलं तुमीच देला बाई. म्या त्याले हयद-कुकू लावलं." मग तिला काय ते उमगलं असावं, कारण तिने ललिताचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. ललिताने तांब्याभर पाणी घेऊन धनीबाईबरोबर होळीला फेरी घातली. मला तिने एका शब्दानेही टोकलं नाही. टोकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती हसत हसत सांगितली असती.

वैशाखात एका दुपारी पुन्हा कोणीतरी धुरा पेटवला आणि वारा सुटला. ई-क्लासचं गवत सरसर पेटत आमच्याकडे येऊ लागलं. मी घाबरलो नाही. अंगण झाडलेलं, झरोक्यांना जाळी, वर पत्रा. मी छपरावरही चढलो नाही. तांड्यावरची माणसं धावत येताना दिसली आणि सगळ्यांच्या पुढे दौलतसिंग, हातात कुऱ्हाड घेऊन, सवयीने सरळ आमच्या फाटकातून आत घुसला. अंगणाच्या मध्यावर येऊन तो थबकला आणि त्याने वर पाहिलं.

वर नुसतं ऊन होतं.

मागच्या वर्षीही तो असाच आत आला होता. निंबावर चढून त्याने भराभर डांगा खाली टाकल्या होत्या, आणि तांड्याने त्याच डांगांनी आग झोडपली होती. मी हे सगळं छपरावरून, फोन कानाला लावून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. वाकडा झालेला पाइप मी वर्षभर लक्षात ठेवला. डांगा कोणत्या झाडाच्या होत्या, हे मात्र लक्षात ठेवलं नाही.

मागची माणसं येऊन थांबली, त्यांनीही वर पाहिलं. ले-आउटमध्ये दुसरं हिरवं झाड नव्हतं. कोणी ओली पोती आणायला पळालं, पण वीज नव्हती आणि बोअर बंद होती. धनीबाईने आधी गुरं सोडली. आग आमच्या मोकळ्या जागेपर्यंत आली, तिला तिथे खायला काही मिळालं नाही, आणि ती कंपाउंडच्या कडेकडेने दौलतसिंगाच्या कुटाराकडे वळली. गंजी संध्याकाळपर्यंत जळत होती. मी पोतं घेऊन बडवत होतो, पण कुटाराची आग आत शिरली की बडवून काही होत नाही.

रात्री मी त्याच्याकडे गेलो. तोच म्हणाला, "तुमचं घर वाचलं न बाबूजी? झालं तं." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. ते ऐकून मला तिथे बसवेना.

वैरण नाही म्हणून गुरं आसेगावकडच्या तांड्यावर, धनीबाईच्या माहेरी पाठवावी लागली. त्यातली गाय धनीबाईशिवाय कोणाला जवळ येऊ देत नाही, म्हणून गायीच्या मागे धनीबाईही गेली. पाऊस पडून गवत वर आल्याशिवाय काही परत येता येत नाही, असं जाताना ती ललिताला सांगून गेली.

आता दुपारी ललिता उंबऱ्यावर बसते. सुपात तूर असते, पण ती निवडत नाही. समोर मी स्वच्छ करून घेतलेली तीस फूट जागा असते, आणि एका कडेला कंपाउंडचा पडलेला भाग. तिकडे ती मधून मधून बघते. कोणी येणार नाही हे तिलाही माहीत आहे.

काही दिवसांपूर्वी मी निंबाचं एक रोप आणलं. तिला न विचारता कुदळ घेतली आणि जुन्या झाडाच्या जरा अलीकडे खड्डा करायला लागलो. ती उंबऱ्यावरून उठून माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"हे तीस फुटात येते न?"

"येते," मी मान खाली घालून म्हणालो.

ती थोडा वेळ जागा न्याहाळत राहिली. "मंग अजून जरा घराकडं घ्या," ती म्हणाली. "सावली वसरीवर पडाले पाह्यजे. मी नसली तरी कोनी बसन तं."

मी एक पाऊल घराकडे सरकलो आणि पुन्हा खणायला लागलो. रोप लागलं आहे. सकाळ-संध्याकाळ पाणी मी घालतो. धनीबाई अजून आलेली नाही.